हिरडीचं रक्त

कॉलरवरचा डाग मोहरीच्या दाण्याएवढा होता. धाकटीला आधी वाटलं, दोऱ्याचा तुकडा आहे. तिने तो नखाने उडवून पाहिला, तर उडायच्या ऐवजी तो पसरला आणि पांढऱ्या कापडावर तांबडी रेघ उमटली.

ती कामाला होती त्या कारखान्यात पांढरे कोट शिवत. डॉक्टरांचे, प्रयोगशाळेतल्या माणसांचे, औषधाच्या दुकानातल्या लोकांचे. एक लांबट खोली, दोन रांगांत बारा मशिनी, टोकाला कटिंग मास्तरांचं उंच टेबल. धाकटीकडे कॉलर. सोळा वर्षं ती कॉलरच लावत होती आणि कॉलर उलटवून झाली की उरलेला दोरा दाताने तोडत होती. कात्री मशिनीला बांधलेली असायची, पण ती उचला, उघडा, ठेवा, तोवर दात आपलं काम करून मोकळे.

आत्ताही तिने तेच केलं होतं. तिने खालच्या दातांवरून जीभ फिरवली. खारट, गंजक्या खिळ्यासारखी चव आली. रुमालाने ओठ टिपले, तर रुमालही लाल.

तिने रुमालाची घडी करून तो मुठीत लपवला.

"काय गं, काय झालं?" शेजारच्या मशिनीवरून काजवालीने विचारलं. ती काज आणि बटणांचं काम करायची, आणि कारखान्यात कुणाच्या घरी काय शिजतंय हे तिला बसल्या जागी कळायचं.

"काही नाही. सुई लागली."

"कुठे? बघू बोट."

"चोखलं. थांबलं आता."

"सोळा वर्षांत तुला सुई लागलेली पाहिली नाही मी," काजवाली म्हणाली. पण मास्तर बघत होते, म्हणून तिने मान खाली घातली.

धाकटी कॉलर घेऊन नळाकडे गेली. गार पाणी, साबण, पुन्हा गार पाणी. डाग गेला.

दुसरी कुणी असती तर दातांचं काहीतरी म्हणून विसरून गेली असती. धाकटीला ते शक्य नव्हतं. घरात दोघी बहिणी. थोरलीला सगळे मोठी म्हणायचे आणि हिला धाकटी. मोठीला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मोठीचं दुखणं हिरड्यांपासूनच सुरू झालं होतं. दात घासताना रक्त यायचं. "ब्रश कडक असेल गं," म्हणून धाकटीनेच तिला नवा मऊ ब्रश आणून दिला होता. मग अंगावर निळे डाग उठायला लागले, बारीक ताप राहायला लागला, जिना चढताना मोठी मध्येच बसायला लागली. तरी दोघींनी कामाचा ताण म्हणून सोडून दिलं. रक्त तपासलं त्या दिवशी डॉक्टरांनी धाकटीला आत बोलावून दार लावून घेतलं. रक्ताचा कर्करोग. त्यानंतर अकरा आठवडे.

मोठीची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे वडील जहाजावर इंजिनाच्या कामाला, वर्षातून दोनदा घरी येणार. पोरगी मावशीकडे आली ती आलीच. आता ती पंधराची होती. दोघींची दोन खोल्यांची जागा, एक कपाट, एक आरसा, आणि त्या आरशापुढे रोज सकाळी पहिलं कोण यावरून भांडण.

मी गेले तर हिचं कोण? नळापाशी उभ्या उभ्या धाकटीच्या मनात तेवढंच आलं, आणि मग ते काही केल्या जाईना.

पुढचे तीन आठवडे तिने कुणाला चकार शब्द सांगितला नाही. डॉक्टरकडे गेली नाही, कारण डॉक्टर रक्त तपासायला सांगणार, आणि तपासलं की कळणार. कळेपर्यंत तरी आपण बऱ्या, असा तिचा हिशेब. सकाळी ती न्हाणीघराची कडी आतून लावून दात घासायची. ब्रश लागला की रक्त, म्हणून जिथे रक्त यायचं तिथे ती ब्रश लावेनाशी झाली. आधी खालचे पुढचे दात सोडले. मग वरचे मागचे. पुढे पुढे तर बोटावर पेस्ट घेऊन दातांच्या फक्त टोकांवरून फिरवायची आणि चूळ भरायची. जुना पांढरा ब्रश फेकून तिने गडद तपकिरी ब्रश आणला. त्याच्यावर लाल दिसायचं नाही.

आणि तरी रक्त वाढतच होतं. आता ते घासायचीही वाट पाहत नव्हतं. पोळीचा कडक काठ चावला तरी यायचं. हिरड्या फुगून लालभडक, चकचकीत दिसायला लागल्या होत्या. तोंडाला वास येत होता. बोलताना ती ओठांवर हात धरायला लागली. कपडे बदलताना पायांवरचे निळे डाग शोधायची. मशिनीच्या कडेवर गुडघा आपटून तिथे एक डाग कायमचाच असायचा, सोळा वर्षांचा. आता मात्र तो नवा आहे की जुना, तिला काही केल्या आठवेना. दिवसातून चारदा कपाळाला हात लावून ताप पाहायची. भीतीने धाप लागायची, आणि धाप लागली की वाटायचं, मोठीलाही अशीच लागायची.

काजवालीला संशय आलाच. जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, "तोंड आलंय का गं तुझं? बोलताना हात कशाला धरतेस? चोरून काही खाल्लंस काय?"

"हिरड्या जरा सुजल्यात."

"एवढंच ना? तुरटीच्या पाण्याने चूळ भर. माझ्या सासूचा उपाय. सासूला सत्तराव्या वर्षी एकच दात होता, पण तो काय पक्का!"

सगळ्या बायकांनी दात काढले. धाकटीही तोंडावर हात धरून हसली. घरी येऊन तिने तुरटीच्या पाण्याने चुळा भरल्या. हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या, दोन दिवस रक्त जरा कमी वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

रविवारी सकाळी भाची सफरचंद कापायचा कंटाळा करून अख्खंच खात बसली होती. एक घास खाऊन तिने ते मावशीपुढे धरलं. "बघ काय गोड आहे." धाकटीने विचार न करता दात रोवले, तुकडा तोडला, आणि सफरचंद परत केलं.

भाची ते तोंडाशी नेता नेता थांबली. पांढऱ्या गरावर दातांच्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेच्या कडेला लाल किनार होती.

तिने सफरचंद ताटलीत ठेवलं, ती उठली, न्हाणीघरात गेली, आणि तो तपकिरी ब्रश घेऊन बाहेर आली. "हा ब्रश कधी आणलास?"

"झाले काही दिवस. का?"

"तुला तपकिरी रंग आवडत नाही. माझा बूटसुद्धा तू तपकिरी घेऊ दिला नव्हतास." तिने नळाखाली ब्रश धरून अंगठ्याने केस दाबले. पाणी गुलाबी निघालं. "मावशी, आईच्या ब्रशचा रंग मला आठवतो. मी नऊ वर्षांची होते, पण मला सगळं आठवतं."

"अगं, तसं काही नाहीये. हिरडी सुजलीये नुसती."

"आईलाही तू हेच म्हणायचीस."

पोरगी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती मुठीत ब्रश घट्ट धरून उभी होती.

"तेव्हा मला कुणी काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "आई बरी होऊन येणार, असं सांगून मला शाळेत पाठवत होतात. तूच पाठवत होतीस. आता परत तसंच करणार आहेस का?"

"नाही गं राणी."

"मग उद्या डॉक्टरकडे चल. तू नाही आलीस तर मी शाळेत जाणार नाही. इथेच बसणार, तुझ्यासमोर."

"उद्या काम..."

"उद्या."

धाकटीने मास्तरांना फोन करून सुट्टी मागितली. मोठीच्या दुखण्यानंतरची बहुतेक पहिलीच. मास्तर "बरं" म्हणाले आणि का ते विचारलं नाही, त्याचाही तिला धसका बसला. म्हणजे माझ्या तोंडावर दिसतंय, तिला वाटलं.

रक्त हिरड्यांतून येतंय म्हणून भाचीने आधी दातांचा दवाखानाच धरला. तो बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर होता. जिना अरुंद. मध्यावर आल्यावर धाकटीला धाप लागली आणि ती कठड्याला धरून थांबली. भाचीही एक पायरी खाली थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, बोलायला कमी. त्यांच्या खोलीत लवंगेचा आणि औषधाचा वास होता. खुर्ची इतकी मागे कलली की धाकटीला आपले पाय डोक्यापेक्षा वर गेल्यासारखे वाटले. वर पांढरा दिवा, बाजूला ताटलीत छोटा आरसा आणि बारीक हत्यारं. "काय होतंय?" असं बाईंनी विचारायच्या आतच तिने विचारून टाकलं, "मॅडम, मला रक्ताचा कर्करोग झालाय का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दिवा बाजूला केला, स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "हे तुमच्या मनात का आलं, ते आधी सांगा."

धाकटीने सांगितलं. मोठीचं सगळं, कॉलरचं, तपकिरी ब्रशचं. बाई मध्येमध्ये विचारत होत्या. ताप किती दिवस? मोजलाय का थर्मामीटरने? नाही. वजन उतरलं? कपडे सैल झाले? नाही. डाग एकच की अंगभर? पाळी नेहमीसारखी? औषधं कुठली चालू? घरात साखरेचा आजार? तंबाखू, सिगारेट? मग शेवटचा प्रश्न. "दात शेवटचे नीट कधी घासले?"

भिंतीशी उभी असलेली भाची म्हणाली, "तीन आठवड्यांत नाही. मी ब्रश पाहिलाय."

बाईंनी एक बोथट टोकाची बारीक सळई घेतली. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा होत्या. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती किती खोल जाते ते बाई बघत होत्या आणि आकडे मोठ्याने सांगत होत्या. टेबलापाशी बसलेली मदतनीस लिहून घेत होती. "तीन, तीन, दोन. तीन, चार, तीन. रक्त. तीन, दोन, तीन. रक्त. चार, तीन, चार. रक्त."

प्रत्येक "रक्त"ला धाकटीची बोटं खुर्चीच्या हातांत रुतत होती. आकडे कमी चांगले की जास्त, हे तिला कळत नव्हतं आणि तोंड उघडं असल्यामुळे विचारता येत नव्हतं. खालच्या पुढच्या दातांचा एक एक्सरे काढला. तो पडद्यावर यायला मिनिटसुद्धा लागलं नाही, पण तेवढ्या वेळात धाकटीने भाचीची शाळा, जहाजावरच्या भावजींना कळवायचं कसं, कपाटातली कागदपत्रं कुठल्या खणात, एवढा सगळा विचार केला.

"बघा," बाईंनी तिच्या हातात आरसा दिला. "खालच्या दातांच्या मागे. हे पिवळं, दगडासारखं. दिसतंय?"

दिसत होतं. दातांच्या मुळाशी पिवळट तपकिरी कवच चढलं होतं, आणि त्याच्या कडेला हिरडी लाल आणि फुगलेली.

"हे कीटण. आपण खातो, त्यानंतर दातांवर जंतूंचा एक चिकट थर बसतो. सगळ्यांच्याच बसतो. रोज घासून काढला तर काही बिघडत नाही. हिरडीच्या कडेला तो राहून गेला की हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला जरा धक्का लागला की रक्त येतं. काढलाच नाही तर थर कडक होतो, त्याचं हे कीटण होतं, आणि त्याच्यावर नवा थर बसायला आणखी चांगली जागा मिळते."

"पण ब्रश लावला की रक्त यायचं, म्हणून तर मी..."

"म्हणून तुम्ही थांबलात. आणि थांबलात म्हणून वाढलं."

"म्हणजे माझं मीच वाढवलं?"

"हो," बाई म्हणाल्या. "पण बिघडलेलं परत आणता येईल अशा जागी आहात. हाड बघा या चित्रात, जागच्या जागी आहे. ही हिरडीची सूज, अगदी सुरुवातीची. असंच पुढे चाललं असतं तर हाड झिजायला लागलं असतं, दात हलले असते. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. तुमचा एकही दात हलत नाहीये."

धाकटीने ऐकलं. तिचा विश्वास बसला नाही. मोठीलाही सगळे आधी साधं आहे असंच म्हणाले होते.

बाईंनी बहुतेक ते ओळखलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या हिरडीतून रक्त आलं, पण त्याचं कारण रक्तातच होतं. तुमचं कारण मला इथे डोळ्यांनी दिसतंय. तसे आजार सहसा बहिणीकडून बहिणीला येत नाहीत. तरी मी रक्त तपासायची चिठ्ठी देते. मला मोठी शंका आहे म्हणून नाही. पण घरात असं होऊन गेल्यावर न तपासता राहणंही बरं नाही, आणि मी कितीही सांगितलं तरी कागद बघितल्याशिवाय तुमचा जीव थाऱ्यावर येणार नाही. रिपोर्ट आला की साफसफाई करू. पण घासायला आजपासूनच लागायचं."

त्यांनी प्लास्टिकचे मोठे दात आणि मऊ ब्रश घेऊन दाखवलं. ब्रश तिरपा, केसांची टोकं दात आणि हिरडीच्या सांध्यावर, दाबायचं नाही, छोटे छोटे गोल, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं. "रक्त येईल," त्या म्हणाल्या. "पहिले काही दिवस येईलच. आलं तरी थांबायचं नाही. जिथे येतं तिथे तर हलक्या हाताने पण जास्त लक्ष देऊन घासायचं."

खाली रस्त्यावर आल्यावर धाकटी भाचीला म्हणाली, "हे म्हणजे विस्तवावर चालत जा, पण घाबरू नको, असं झालं."

भाची नुसती "हं" म्हणाली. ती जिना उतरल्यापासून गप्पच होती.

रक्त तपासणाऱ्या पोराने पांढरा कोट घातला होता. धाकटीने सवयीने कॉलर पाहिली. तिच्या कारखान्यातली नव्हती. टोकं वाकडी होती. सुई टोचताना तिने दुसरीकडे पाहिलं, पण नळीत चढणारं रक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलंच. रिपोर्ट उद्या दुपारी मिळणार होता.

त्या संध्याकाळी ती नवा मऊ ब्रश घेऊन बेसिनपाशी उभी राहिली. कडी लावली नाही. भाची दारात, पाठ चौकटीला टेकवून. पहिल्याच दातावर ब्रश टेकला आणि फेस लाल झाला. धाकटीचा हात खाली आला.

"थांबायचं नाही म्हणाल्यात त्या," भाची म्हणाली.

"माहितीये."

"मग?"

"मला भीती वाटते गं." हे वाक्य ती पोरीसमोर पहिल्यांदाच बोलली होती.

भाची आत आली आणि तिने मोबाईलवर दोन मिनिटं लावली. "चल. घड्याळाकडे बघ, बेसिनकडे नको." धाकटीने घड्याळाकडे बघत घासलं. दोन मिनिटं इतकी लांब असतात हे तिला माहीत नव्हतं. चूळ टाकली तेव्हा बेसिन लाल झालं होतं, आणि भाचीने नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, पण दुपारपर्यंत दोन कॉलरी उलट्या लागल्या. मास्तरांनी त्या तिच्या टेबलावर ठेवल्या आणि गेले. शेवटी तिने काजवालीला सांगून टाकलं, मोठीपासून सगळं.

काजवाली यावेळी हसली नाही. तिने हातातलं काम खाली ठेवलं. "आणि मी तुला सासूचा दात सांगत बसले," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिला राहवलं नाही. "पण तुझं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठायचं. धंदाच सुताचा, तुला काय म्हणायचं!" आणि मग, "किती वाजता मिळणार? मी येऊ?"

"नको. पोरगी येते शाळेतून तिकडेच."

भाची दप्तर पाठीला लावून प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. धाकटीने पाकीट घेतलं आणि तिच्या हातात दिलं. "तू वाच. मला जमणार नाही."

बाहेर फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीवर बसून भाचीने कागद उलगडला. तिचे डोळे वरपासून खाली फिरत होते. धाकटी तिचा चेहरा वाचत होती. मध्येच ते डोळे थांबले.

"काय? काय आहे?"

"एका ओळीपुढे खूण आहे. कमी, म्हणून."

धाकटीच्या कानांत घूं असा आवाज सुरू झाला. "कुठल्या? प्लेटलेट? मोठीचे प्लेटलेट..."

"हिमोग्लोबिन." भाचीने बोट ठेवलं. "अकरा पूर्णांक दोन. बाकी सगळ्या आकड्यांपुढे काही नाही. थांब, मी फोन लावते."

डॉक्टरीणबाईंनी सगळे आकडे एकेक करून वाचायला लावले. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं. भाचीने फोन मावशीच्या कानाला लावला तेव्हा बाई म्हणत होत्या, "ऐकताय ना? तुमच्या बहिणीसारखं या कागदावर काहीही नाही. हिमोग्लोबिन जरा कमी आहे, ते पुष्कळ बायकांचं असतं. नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, ते का कमी आहे ते बघतील, लोहाच्या गोळ्या देतील. आणि गुरुवारी माझ्याकडे या, कीटण काढू."

धाकटीने फोन खाली घेतला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण ते आलं नाही. तिने पायरीवर हात टेकले आणि म्हणाली, "ऐकलंस ना? काही नाही."

उत्तर आलं नाही म्हणून तिने वळून पाहिलं. भाची दप्तर पोटाशी धरून वाकून रडत होती, खांदे हलत होते.

"अगं, वेडे, चांगलं आहे. सगळं चांगलं आहे."

"मावशी," भाची म्हणाली, "माझंही येतं."

"काय?"

"रक्त. दात घासताना. कधीपासून येतंय. परीक्षेच्या आधीपासून." तिने तोंड वर केलं. "मी लगेच पाणी सोडून टाकते. मला वाटलं, आईचं मला आलंय. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. मग त्या दिवशी ते सफरचंद... मला वाटलं आता आपल्या दोघींनाही."

स्वतःसाठी तीन आठवडे घाबरली त्यापेक्षा धाकटी त्या एका क्षणात जास्त घाबरली. एकाच बेसिनवर, एकाच नळाखाली, एकीने कडी लावून आणि दुसरीने पाणी सोडून, दोघी तेच लपवत होत्या. तिने पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि भर फुटपाथवर म्हणाली, "आ कर."

"इथे?"

"आ कर म्हणते ना."

गुरुवारी दोघी गेल्या. आधी भाचीला खुर्चीत बसवलं. पुन्हा तेच आकडे, "दोन, दोन, तीन, रक्त," आणि धाकटी भिंतीशी उभी राहून ते ऐकत होती. ऐकणाऱ्याची जागा बसणाऱ्याच्या जागेपेक्षा वाईट आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

"हिच्याही तशाच सुजल्यात, तुमच्यापेक्षा कमी," बाई म्हणाल्या. "या वयात शरीर बदलत असतं, तेव्हा हिरड्या थोड्याशा थराने पण लगेच चिडतात. आणि बाळा, तू सकाळी किती वेळ घासतेस?"

"आरशासाठी भांडण होतं आमचं," भाची म्हणाली. "अर्धं मिनिट."

"आणि रात्री?"

भाचीने पायांकडे पाहिलं.

"हिचंही रक्त तपासा," धाकटी म्हणाली. बाईंनी वाद घातला नाही, चिठ्ठी लिहून दिली. तो कागद दोन दिवसांनी आला. त्याच्यावर एकही खूण नव्हती. पण ते दोन दिवस कसे गेले हे धाकटीने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

त्याच गुरुवारी भाचीनंतर धाकटी खुर्चीत बसली. कीटण काढताना यंत्राची बारीक किंकाळी थेट कवटीत घुमत होती. पाण्याचा फवारा, गालाला लावलेली पाणी ओढणारी नळी, आणि मध्येच बाईंचा आवाज, "झालं, झालं." एका दाताला सणक गेली तेव्हा ती दचकली. संपल्यावर तिने जीभ फिरवली. खालच्या दातांमध्ये फटी होत्या.

"मॅडम, दात मोकळे झाले! मला म्हणत होतेच लोक, सफाईने दात हलतात."

"फट तुमचीच आहे, जुनी. कीटणाने भरलेली होती," बाई म्हणाल्या. "आणि सूज उतरली की आणखी थोडी दिसेल. आता तिथे रोज हे फिरवायचं." त्यांनी मेण लावलेला दोरा दाखवला. दोन्ही बोटांना गुंडाळून, दाताला मिठी मारल्यासारखा धरून, हिरडीच्या जरा खालपर्यंत, वर-खाली. धाकटीला ते पहिल्या फटक्यात जमलं. बाईंनी प्रथमच भुवया उंचावल्या. "बहुतेकांना महिना लागतो."

"सोळा वर्षं दोराच हाताळतेय," ती म्हणाली. "कारखान्यातला दोरा चालेल का?"

"अजिबात नाही. तो कापेल. आणि दाताने दोरे तोडणं आजपासून बंद. त्याने टोकं झिजलीत तुमची."

पुढचे दिवस सरळ गेले नाहीत. चार दिवस रक्त कमी कमी होत गेलं आणि धाकटी हलकी झाली. पाचव्या दिवशी दोरा फिरवताना अचानक पुष्कळ आलं. ती बेसिनपाशीच खाली बसली. आकडे चुकले असतील, प्रयोगशाळेत नळ्यांची अदलाबदल झाली असेल, असं काय काय तिच्या डोक्यात आलं. भाचीने तिच्या हातातून दोरा काढून घेतला, उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं, "कुठल्या दातापाशी?"

"डावीकडे, मागे."

"तिथे तू आधी कधी फिरवलास?"

धाकटीने आठवून पाहिलं. तिथे हात पोचत नाही म्हणून तिने ती जागा रोजच सोडली होती.

"मग आज पहिला दिवस आहे तिथला," भाची म्हणाली आणि स्वतःचा ब्रश तोंडात घातला. आता दोघी एकाच वेळी उभ्या राहत, आरसा अर्धा-अर्धा.

अकराव्या दिवशी चूळ पांढरी पडली. बाराव्या दिवशीही. धाकटीने तरी आठवडाभर बेसिनकडे बघायचं सोडलं नाही.

सहा आठवड्यांनी बाईंनी पुन्हा सळई घेतली. "दोन, दोन, दोन. तीन, दोन, दोन." मदतनीस लिहीत होती. बराच वेळ "रक्त" हा शब्द आला नाही. मग डावीकडच्या मागच्या दातापाशी बाई थांबल्या. "चार. जरासं रक्त." धाकटीने डोळे मिटले. "ही एक जागा अजून हट्ट करतेय," बाई म्हणाल्या. "तिथे छोटा ब्रश वापरा, देते मी. तीन महिन्यांनी परत बघू. बाकी हिरड्या बऱ्या आहेत."

"आणि नाही सुधारली ती जागा तर?"

"तर पुन्हा साफ करू, आणखी खोलवर. घाबरायचं असेल तर तीन महिन्यांनी घाबरा."

खाली रस्त्यावर बसची वाट पाहत दोघी थांब्यावरच्या बाकावर बसल्या. भाचीचं तपासून झालं होतं, तिला सहा महिन्यांची सुट्टी मिळाली होती. समोरून गाड्या जात होत्या. भाचीने एकदम विचारलं, "मावशी, शेवटी आईला दुखत होतं का?"

सहा वर्षांत हा प्रश्न कधी आला नव्हता. आला असता तर धाकटीने काय सांगितलं असतं, ते तिला माहीत होतं. नाही गं, झोपेतच होती. आत्ताही ते ओठांवर आलं.

"दुखत होतं," ती म्हणाली. "शेवटचे पाच-सहा दिवस. औषध दिलं की थांबायचं, मग परत. पण मधल्या वेळात ती बोलायची. तुझ्याबद्दलच बोलायची जास्त."

"काय बोलायची?"

बस आली. दार उघडलं, दोघं-तिघं चढले, चालकाने त्यांच्याकडे पाहिलं. धाकटीने हाताने जा म्हणून खूण केली आणि बस निघून गेली.

"पहिल्यापासून सांगते," ती म्हणाली. "सगळं."